दाराजवळचं स्टूल

गुरुशांत हत्तुरे कुठल्याही घरात शिरले की आधी दार कोणत्या दिशेला आहे ते बघतात आणि मग घरात सगळ्यांत म्हातारं कोण ते. सोलापुरात त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामं नव्या पोरांनी नेली. गुरुशांतकडे राहिलं ते खेड्यांतलं काम. घरातलं म्हातारं माणूस थकलं की मुलं त्यांना फोन करतात. पुढे भिंतीवर लावायला एक चांगला फोटो हवा असतो.

पण म्हाताऱ्यांना एकट्याचा फोटो नको असतो. तो काढला म्हणजे आपलं बोलावणं आलं, असं त्यांना वाटतं. म्हणून गुरुशांत घरच्या सगळ्यांचा फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर त्यातला एकच चेहरा कापून मोठा करायचे.

सगळी करामत बसवण्यात होती. पत्र्याच्या घरात भर दुपारी आत अंधार आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन. फ्लॅश मारला तर चेहरा पीठ फासल्यासारखा चपटा येतो. अंगणात बसवलं तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. म्हणून ते दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागे एक स्टूल ठेवायचे आणि म्हाताऱ्याला दाराकडे अर्धं वळवून बसवायचे. अंधारातल्या गालाच्या बाजूला त्यांची बायको महानंदा पांढरा थर्माकोल धरून उभी राहायची. दारातला उजेड त्यावर आपटून त्या गालावर यायचा. बाकीची माणसं मागच्या अंधारात कशीही आली तरी चालायचं.

म्हाताऱ्यांना हसवायचं कामही महानंदाचंच.

"आज्जी, सुनंकडं बघू नका, तोंड आंबट होतंय. माज्याकडं बघा की."

मुलगी सोनम वडिलांकडेच कॅमेरा शिकत होती. सुरुवातीला तिच्या फोटोत दारातलं अंगण छान यायचं आणि माणसं काळी.

"कॅमेरा येडा हाय," गुरुशांत सांगायचे. "ऊन दिसलं की घाबरतो आणि सगळंच काळं करतो. तू घाबरू नको. एक्सपोजर तोंडावर धर. मागचं दार पांढरं होऊन जळलं तर जळू दे."

गेल्या वर्षी महानंदाच्या जबड्यात गाठ निघाली. अर्धा जबडा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी गुरुशांतच्या लक्षात आलं, की महानंदाचा एकही धड फोटो घरात नाही. ती नेहमी थर्माकोलच्या मागे. दवाखान्यात भरती व्हायच्या आत तिचा पुरा चेहरा एकदा फोटोत यायला हवा होता.

भरतीच्या आदल्या दुपारी त्यांनी सोनमला कॅमेरा आणायला सांगितला. "घरच्यांचा एक फोटो काढू," ते म्हणाले.

महानंदा पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि थांबली. दाराच्या आत, हातभर मागे, स्टूल होतं.

"स्टूल कुणी ठेवलं?"

सोनम कॅमेऱ्याची काच पुसायला लागली.

"मला बसवताय व्हय त्याच्यावर?"

"अगं, घरच्यांचा फोटो..."

"मोडनिंबच्या म्हातारीला पण तुमी हेच सांगितलं हुतं. मी तितंच हुबी हुते की."

तिने भिंतीला टेकवलेला थर्माकोल उचलला आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"बसा तुमी. पोरगी तुमचा काढंल."

गुरुशांत बसले. सोनमने कॅमेरा डोळ्याला लावला. वडिलांनी मान हलवली नाही. फक्त डोळे बायकोकडे नेले आणि पुन्हा सोनमकडे आणले. सोनमला कळलं.

महानंदाच्या पाठीमागे परसाचं दार उघडं होतं आणि त्यात ऊन पेटलेलं. तिचा चेहरा त्यापुढे काळा दिसत होता. सोनमने कॅमेरा तिच्याकडे वळवला, एक्सपोजर चेहऱ्यावर धरलं, दार जळू दिलं. महानंदाला ते दिसलं. त्याच क्षणी फोटो निघाला.

"पुसून टाक ते," महानंदा म्हणाली.

"बरं, अव्वा," सोनम म्हणाली. पण तिने तो पुसला नाही.

महानंदा दवाखान्यातून परत आली नाही.

आता तो फोटो स्टुडिओच्या भिंतीवर आहे. मागचं दार पांढरंफटक जळालेलं, चित्र जरा दाणेदार. पण चेहरा पुरा आहे, जबड्यासकट. डोळे मात्र घरात शिरलेल्या चोराकडे बघावं तसे. येणारी माणसं विचारतात, "वैनी रागावल्यात व्हय?"

सोनम एकदा म्हणाली, "अप्पा, हल्ली ॲपवर हसवता येतं."

"ती हसली नव्हती," गुरुशांत म्हणाले आणि फोटोकडे पाठ करून कामाला लागले.

त्यानंतर त्यांनी घरच्यांच्या फोटोचं निमित्त सांगणं बंद केलं. आता म्हाताऱ्या माणसाला ते तोंडावरच सांगतात, हा फोटो कशाला आहे ते. काही ठिकाणी शिव्या बसतात, बहुतेक ठिकाणी चहा न घेताच निघावं लागतं. सोनम म्हणते धंदा बुडेल. तो बुडतोच आहे.

परवा सांगोल्याकडे शहाजी नावाच्या मेंढपाळाने बोलावलं होतं. त्याचे वडील धुळाप्पा खोकत बसले होते.

"मालक, हा फोटो तुमी गेल्यावर लावायला हाय," गुरुशांत म्हणाले. "बसायचं असंल तर बसा."

शहाजीने खाली बघितलं. धुळाप्पांनी मुलाकडे बघितलं.

"हे म्हनत हुतं नातवाचा वाढदिवस हाय," ते म्हणाले. "थांबा. पटका बांधतो."

पटका बांधून ते स्टुलावर बसले. सोनम कॅमेऱ्यामागे गेली. थर्माकोल गुरुशांतनी धरला.

"हसायचं का?" धुळाप्पांनी विचारलं.

म्हाताऱ्यांना हसवायचं काम महानंदाचं होतं. गुरुशांतनी थर्माकोल धुळाप्पांच्या गालाजवळ नेला. सोनमने बटण दाबलं.