तेलाच्या काट्याचं दुखणं

जिला काहीही झालेलं नाही अशा वस्तूची सेवा करण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात सापडायचा नाही. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढल्यामुळे असेल, पण मामांना समोर दिसणारी प्रत्येक गोष्ट पेशंटच वाटते. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरात पंख्याला दमा आहे, फ्रीजला कण्हायची खोड आहे आणि दारातला पेरू सगळं अंगावर काढणारा आहे, म्हणजे कीड लागली तरी तो कुणाला सांगत नाही. रोज सकाळी चहा झाला की मामा या सगळ्यांपुढून एक फेरी मारतात. नळ गळत असला तर पान्हा आणण्याआधी ते त्याच्यापुढे नुसते उभे राहतात. "आधी बघावं, मंग हात लावावा," असं त्यांचं म्हणणं. त्या बघण्यात त्यांची अशी काही तंद्री लागते की बादली भरून वाहते, मामी आतून ओरडतात, आणि मामा थेंबांकडे पाहत शांतपणे म्हणतात, "जरा कमी हाय कालच्यापेक्षा."

अशा माणसानं म्हातारपणी जुनी गाडी घेतली. त्यालाही कारण होतं. मामींचं माहेर पिशोर. एसटीत बसल्या की हर्सूल यायच्या आत त्यांना मळमळायला लागतं, त्यामुळे माहेरी जाणं वर्षानुवर्षं लांबत गेलं. दरम्यान आई-वडील गेले, भाऊ गेला. आता तिथं एकटी वहिनी उरली होती आणि दिवाळी झाली की तिचा मुलगा तिला कायमचा पुण्याला नेणार होता. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. जायचं तर दिवाळीच्या आत, नाहीतर पिशोर जागच्या जागी राहील पण तिथं मामींचं असं कुणी राहणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. "तुला सोताच्या गाडीत, काच खाली करून, वारं घेत नेतो," असं मामांनी कबूल केलं आणि पावसाळा सरता सरता पांढरी गाडी दारात येऊन उभी राहिली.

मामींनी तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि समोरच्या फळीवर एक छोटे गणपती बसवले. गणपतीभोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ होती. गाडी चालू आहे तोवर ही माळ विझू द्यायची नाही, अशी मामींची अट. मामांनी स्वतः स्टिअरिंगच्या खाली वाकून तिची वायर कुठंतरी जोडून दिली. मी मागं टॉर्च धरून उभा होतो, त्यामुळे त्या कामात माझाही वाटा आहे असं मी पुढं बरेच दिवस अभिमानानं सांगत असे.

गाडीचा आधीचा मालक हौशी असावा. त्यानं इंजिनातल्या तेलाचं तापमान दाखवणारं एक गोल घड्याळ वेगळं बसवून घेतलं होतं. त्यावर हिरवा पट्टा, त्यापुढं पिवळा, त्यापुढं लाल. दुसऱ्या कुणी त्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण कंपाउंडरला गाडीसोबत थर्मामीटर मिळाल्यावर आणखी काय होणार! पहिल्याच फेरीत काटा हिरव्यातून उठला, लालला शिवून आला, पुन्हा हिरव्यात पडला आणि पुन्हा उठला. मामांनी गाडी कडेला घेतली. उतरून बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मागून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी बोटानंच गप्प राहायला सांगितलं. "ताप चढायलाय," ते मला म्हणाले, "पर हुडहुडी नाय."

त्यानंतर उपचार सुरू झाले. तेल बदललं. तेलात बुडवलेला सेन्सर बदलला. काटा नाचतच राहिला. हर्सूलच्या रस्त्यावर मामांचे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांनी बंदुकीसारखं एक यंत्र इंजिनावर रोखून तापमान मोजलं. ते अगदी जसं हवं तसं निघालं. "मामू, गाडी एकदम टकाटक है," मिस्त्री म्हणाले, "काटे कू नक्को देखो, रोड कू देखो." पण हा सल्ला मामांना पटेना. वरून अंग गार आणि आत ताप असे पेशंट आपण किती पाहिलेत, हे त्यांनी मिस्त्रींना उदाहरणांसकट सांगितलं. मिस्त्रींनी दोन वेळा चहा मागवला आणि ऐकून घेतलं. मामा निघताना त्यांनीही बॉनेटवर हात ठेवून पाहिला.

पिशोरचा बेत दर आठवड्याला ठरे आणि दर आठवड्याला पुढं ढकलला जाई. "आजारी गाडीत तुला कशी नेऊ?" मामा विचारायचे. मामी वहिनीसाठी घेतलेलं लुगडं पिशवीत भरायच्या, काढायच्या, पुन्हा भरायच्या. पेशंटला मोकळी हवा हवी म्हणून रविवारी सकाळी आम्ही गाडी घेऊन हर्सूलच्या तलावाकाठी मात्र जात असू. इंजिन चालूच ठेवायचं, काचा खाली, थर्मासमधला चहा, पाण्यावर पसरलेलं कोवळं ऊन आणि समोर वर-खाली होणारा काटा. मामी पिशोरच्या गोष्टी सांगायच्या. बाजाराच्या दिवशी वडील आणायचे त्या गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीच्या, शेतातल्या विहिरीत पडलेल्या चपलेच्या. मामा काट्याकडे बघत त्या ऐकायचे, आणि मधेच म्हणायचे, "ती चप्पल डाव्या पायाची व्हती ना?" बायकोच्या गोष्टी इतक्या मन लावून ऐकणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. त्या गाडीत बसलं की वेळ कुठं जातो ते कळत नसे. आपण कुठंतरी निघालो आहोत आणि कुठंच पोचायची घाई नाही, असं काहीतरी सुखाचं वाटत राही.

घट बसले, उठले. दसरा झाला. अशाच एका रविवारी मामी तलावाच्या कडेनं पाय मोकळे करायला उतरल्या होत्या आणि मी डोळे अर्धवट मिटून काटा बघत होतो. काटा उठला, गणपतीभोवतीचे दिवे लागले. काटा पडला, दिवे विझले. पुन्हा तसंच. मी ताडकन उठून बसलो. माळेची वायर खेचून काढली तर काटा हिरव्या पट्ट्यात शहाण्यासारखा बसून राहिला. परत जोडली, परत नाचायला लागला. म्हणजे त्या दिवशी खाली वाकून मामांनी माळेची वायर घड्याळाच्याच अर्थिंगच्या स्क्रूखाली अडकवली होती, आणि तो स्क्रू ढिला राहिला होता. इंजिनाला कधी काही झालंच नव्हतं.

"मामा, सापडलं!" मी ओरडलो.

मामांनी चहाचा घोट घेतला. "व्हय," ते म्हणाले. "घट बसले तवाच सापडलं मला."

मी विचारलं, "मग इतके दिवस?"

मामांनी हनुवटीनं तलावाकडं खूण केली. लांबवर मामी एका बाईशी बोलत उभ्या होत्या. "जावईबापू, एकदा जाऊन आलो की तिचं माहेर सपलं. न्हाई गेलो तवर ते हाय. पिशवी भरती, त्या गोष्टी सांगती, कशी पोरीवानी दिसती तुमी बघितलं ना? मंग काय सांगल ती?" मग हळूच म्हणाले, "जरा दिस ढकलले, एवढंच."

मला त्या क्षणी मामांची फार माया वाटली, आणि तितकाच रागही आला. मी म्हणालो, "पण न जाताच दिवाळी झाली तर, मामा?" मामी परत येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या हातात फोन होता. "वहिनीचा आला व्हता," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "सामान बांधायला काढलंय म्हन्ली." मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी समोरच्या कप्प्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, खाली वाकले, वायर सोडवून दुसरीकडं जोडली आणि तो ढिला स्क्रू घट्ट पिळला. दिवे लुकलुकत राहिले, काटा हलला नाही. "बरी झाली गं गाडी," ते म्हणाले. "उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी मीही रजा टाकून मागं बसलो. फुलंब्रीच्या पुढं रस्त्याच्या कडेला मका वाळत घातला होता, कापूस फुटला होता. मामा इतक्या सावकाश चालवत होते की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. मामींना जरासुद्धा मळमळलं नाही. वहिनी दारातच उभी होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मग दिवसभर बांधलेल्या गाठोड्यांच्या मधल्या जागेत बसून हसत राहिल्या. दुपारी पुरणपोळी झाली, ऊन कललं, वहिनीनं मामींची ओटी भरली. सगळे गाडीपाशी आलो. मामी पुढं बसल्या. वहिनी काचेवर हात ठेवून उभी राहिली.

मामांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. काटा हळूहळू चढून हिरव्या पट्ट्याच्या मधोमध थांबला. मामा त्याच्याकडं बघत राहिले, बघतच राहिले. मग त्यांनी किल्ली उलटी फिरवली.

"लई ताप हाय," ते म्हणाले. "अशा पेशंटला हलवता येत नाय. रातभर आराम पायजे."

मामींनीही तो काटा पाहिला होता. इतक्या रविवारांनंतर काटा वाचायला त्याही शिकल्या होत्या. "मी तेच म्हन्ते," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उतरल्या. वहिनी आत गेली आणि गाठोडं सोडून आमच्यासाठी गोधड्या काढायला लागली.