फाउस्टाला चिंच लावली

"काढा ते बाहेर! आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले, तेव्हा आमचे डायरेक्टर, डॉक्टर क्राउसे, पाहुण्यांसमोर हसत हसत एक रोमन नाणं चिंचेच्या कोळात चोळत होते.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी रेस्टोरर आहे, म्हणजे जुन्या धातूच्या वस्तू सांभाळते. दिवाळीआधी माझी समई ऑफिसच्या किचनमध्ये चिंचेने घासली, ती साहेबांनी पाहिली. झालं! "आल्झो, तर मग हे ओपन डेला दाखवू. भारतीय आजीची पद्धत!"

आजी कसली डोंबलाची. पण माझ्या कॉन्ट्रॅक्टचं एक्स्टेन्शन त्यांच्या सहीवर अडलेलं. मी एवढंच बजावलं, "फक्त आजची पाच सेंटची नाणी. जुन्या ब्राँझवरचा हिरवा थर, पॅटिना, हा मळ नव्हे. मूळचा धातू गंजून गेलेला असतो, चेहरा त्या थरातच उरतो. थर गेला की चेहराही गेला."

"गेनाऊ, गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर म्हणे!

कसलं गेनाऊ! मी पाणी आणायला वळले तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, खरं रोमन दाखवा की. या गृहस्थांनी स्वतःच्या किल्लीने कपाट उघडलं आणि नेमकी फाउस्टा उचलली.

फाउस्टा म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइनची बायको. त्यानेच तिला ठार मारायला लावलं असं सांगतात. मग शिलालेखांवरून तिचं नाव खोडलं. तिचा चेहरा आणि नाव एकत्र सापडतं ते अशा रुपयापेक्षाही लहान नाण्यांवर. आमच्याकडे तिचं हे एकच होतं.

मी त्यांच्या हातातून ते ओढून घेतलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकलं. अंबाडा गेला होता. नाक गेलं होतं. नावातली दोन अक्षरं कशीबशी उरली होती. नाणं मात्र लखलखीत, आणि लोक टाळ्या वाजवताहेत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"छान चमकलं की," साहेब म्हणाले. "तुमच्याच पद्धतीने."

"आमच्या पद्धतीत काय घासायचं आणि काय नाही, ते आधी घासणाऱ्या बाईला विचारतात, डॉक्टर."

"जरा हळू. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत!"

एक्स्टेन्शन मिळालं. प्रकरण वर जाऊ नये म्हणून मिळालं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. नाण्यांच्या कपाटाची किल्लीही आता माझ्याकडेच असते. पाहुणे त्या गुळगुळीत चकतीकडे बघून विचारतात, ही कोण? नाव मला सांगावं लागतं. तिच्या सम्राट नवऱ्याला जे जमलं नव्हतं, ते आमच्या साहेबांनी टाळ्यांच्या गजरात उरकलं.

धडा साधा आहे. किल्ली आधी मागावी, एक्स्टेन्शन नंतर.