देविदासनं यंत्र लावलं होतं

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या बाजारात भेटून तुम्ही मला "बरं आहे ना?" असं विचारणार नाही — तेवढाच धीर.

बुऱ्हाणपुरात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पॉवरलूमच्या मोटरी येतात, दिवस जातो. पण त्याआधी सहा वर्षं मी गुजरातेत होतो, कच्च्या तेलाच्या साठवण टाक्यांवर. आमच्या जवळच्याच निंबोला गावचा देविदास माझ्याबरोबर. एकाच खोलीत राहायचो, सुट्टीला एकाच गाडीनं गावी यायचो.

टाकीवर चढायचं, झाकण उघडायचं, तेल किती आहे ते मोजायचं — काम एवढंच. भीती असायची ती तेलातून सुटणाऱ्या गॅसची. हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकच मरतं. वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. म्हणून प्रत्येकाच्या कॉलरला एक छोटं यंत्र असायचं. गॅस आला की ते ओरडायचं. शिफ्ट संपली की ते ज्याच्या त्याच्या खुंटीला टांगायचं. सगळा भरवसा त्याच्यावर.

माझं यंत्र माझ्याच हातून पडलं होतं. दिवा लागायचा, पण तपासणीच्या गॅससमोर धरलं तर आवाज करेना. लेखी कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर काय झालं असतं? एक ताकीद. फक्त एक ताकीद — पण तेव्हा मला सुपरवायझर करायचं चाललं होतं.

त्या सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, मी माझं यंत्र देविदासच्या खुंटीला अडकवलं. त्याचं माझ्या कॉलरला लावलं. यंत्रं सगळी सारखीच दिसायची. पहिली टाकी माझी होती, आणि मला मरायचं नव्हतं. मग देविदासचं काय? हा विचार मनात आला नव्हता असं मला म्हणता येत नाही. आला होता. एका दिवसाचा तर प्रश्न, असं मी स्वतःला सांगितलं.

दहाच्या सुमाराला तो दुसऱ्या टाकीवर चढला. वारा पडला होता. मी खाली उभा. झाकण उघडल्याचा आवाज आला — मग काहीच नाही. हाक मारली. पुन्हा मारली. वर जाळीवर त्याचा बूट दिसला. आडवा.

मी धावत जाऊन श्वासाचा संच — पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडाला मास्क — चढवला आणि मगच वर गेलो. नियमच तसा आहे; तोंडाला मास्क न लावता धावणारा तिथंच दुसरा आडवा होतो. त्याबद्दल मला कुणी बोल लावत नाही, मीही लावून घेत नाही. पण वर पोचल्यावर —

वर पोचल्यावर मी आधी त्याच्या काखेत हात घातला नाही. आधी त्याच्या कॉलरवरचं माझं यंत्र काढायला लागलो. चिमटा अडकला होता. हातमोज्यांनी निघेना. किती वेळ गेला? ठाऊक नाही. जो गेला तो त्याच्या श्वासाचा होता. यंत्र खिशात गेलं, तेव्हा कुठं मी त्याला ओढलं.

दवाखान्याची गाडी निघाली. त्या गोंधळात त्याचं चांगलं यंत्र मी परत त्याच्या खुंटीला लावलं. माझं धावपळीत आपटून बिघडलं, असं लिहून दिलं. चौकशीत निघालं की देविदास यंत्र न लावताच वर गेला. मला विचारलं, तेव्हा मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्याला घरी पाठवलं. मला शाबासकी मिळाली, सुपरवायझरही झालो.

देविदास वाचला. पण डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही. त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नाही. आता घटकाभरापूर्वीचंही धड आठवत नाही. निंबोल्यात असतो. केळीला पाणी सोडतो आणि बंद करायचं विसरतो. मग सुनिता, त्याची बायको, चिडते. "तुम्ही तेव्हाही मशीन लावायला भूलले, म्हणून तं हे दिवस आले!" तो मान खाली घालतो. "चुकलंच माझं," म्हणतो. माझ्यासमोर म्हणतो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा सुनिता बागेत होती. ओट्यावर आम्ही दोघंच. मी त्याला सगळं सांगितलं — खुंटीपासून खिशापर्यंत. तो ऐकत राहिला.

"म्हणजे मी लावलं होतं?"

"लावलं होतंस."

त्याचा चेहरा — कसं सांगू? रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

"मंग सुनिताला सांग ना, विजू. ती समजते मीच भूललो."

सांगतो, म्हणालो. ती आली. तिनं चहा केला, घरी न्यायला केळी बांधून दिली. मी बसून राहिलो. निघताना शेजारचा एकजण आला, तर देविदास माझ्या पाठीवर हात ठेवून त्याला म्हणाला, "यानंच मला वाचवलं."

तासाभरात तो विसरला होता. तो विसरणार हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच तर मी त्याला सांगितलं होतं.

सुनिताला मी अजून काही सांगितलेलं नाही.