बुरुलसुनला आलेली हाक

लोकरीचा नमदा कापावा तर बुरुलसुन एजेने. पांढरा आणि काळा एकावर एक ठेवून ती एकाच दमात सुरी फिरवी. काळ्यातून निघालेली शिंगाची नक्षी पांढऱ्यात चपखल बसे, चिंधी वाया जात नसे. बावन्नाव्या वर्षी पाळी थांबली आणि वर्षभरात सुरीही. अंगातून वाफा, झोप नाही, कारण नसताना रडू. मी गावचे वाचनालय सांभाळते, तिची शेजारीण; सगळ्यांसारखी मीही तिला एजे, म्हणजे ताई, म्हणते. एकदा ती मला म्हणाली, "पाण्याला नदीवर गेले ना, की परत यावंसं वाटत नाही गं."

गावच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून 'वय झालं' असे निदान झाले. त्याला यंत्र लागत नाही.

नवरा असान याला मात्र कारण सापडले. वैदू होण्याची पूर्वजांची हाक नाकारणारा आजारी पडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग मजारीवर मेंढा कापला, एजेच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि तिला वैदीण करून बसवले. बुडणाऱ्या बाईला आम्ही नावाडी नेमले. मटण सगळ्या गावाने खाल्ले. मीही.

दोन आठवड्यांत नऊ जणी नाडी दाखवून गेल्या. कुणालाच झोप नव्हती. नववी, शाळेतली स्वयंपाकीण सुयुंबुबू, पुटपुटली, "एजे, मला नदीची भीती वाटते."

एजेने तिचा हात सोडला. असानला म्हणाली, "नऊच्या नऊ पन्नाशीच्या. पूर्वजांकडे एवढ्याच बायकांचे पत्ते आहेत का?"

"हळू बोल, ऐकतील ते."

"ऐकू देत. गेल्या वर्षी का नाही ऐकलं?"

दुसऱ्या दिवशी दहा जणींनी नारीन शहराच्या इस्पितळाकडे जाणारी मिनीबस भरली. अकरावी मी, दाटीवाटीत. तिथल्या तरुण डॉक्टरने मान वर न करता वयाचाच दाखला दिला. एजे खुर्चीतून हलली नाही.

"वय मला पाठ आहे, बाळा. आजाराचं बोल. बाहेर नऊ जणी आहेत, आणि मी उठणार नाही."

त्याने पेन खाली ठेवले. झोपेचे विचारले, मग नदीचे. हे दोन प्रश्न विचारायला या देशाला दीड वर्ष लागले. गोळ्या मिळाल्या, दर आठवड्याला येऊन बोलायचे ठरले. महिनाभर काहीच फरक नव्हता. सातव्या आठवड्यात तिने सुरीला धार लावली.

असान सांगतो, मेंढा उशिरा लागू पडला. एजे त्याला खोडत नाही. बायका अजून येतात. ती नाडी धरते, झोप लागते का विचारते, नदीचेही विचारते, आणि सांगते, "मिनीबस सातला सुटते. मी येते बरोबर."