निळ्या काठाचा कप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि आता ते नाहीत म्हणून मला धीर आला, असं समजू नका. धीर कसला?

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मी 'आफ्रिकेच्या काकू'. जन्म युगांडातल्या कंपालाचा, वडील इंग्रजांच्या काळात तिथे रेल्वेत कारकून म्हणून गेलेले. कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत माझ्या गोष्टी चालतात. लाल मातीचा रस्ता, मागच्या अंगणातला फणस, आणि नाकातो – मला सांभाळणारी बाई. केळीच्या पानात वाफवलेली हिरवी केळी ती मला हाताने भरवायची. अजूनही कल्याणच्या बाजारात फणसाचा वास आला की माझा पाय अडखळतो.

मग मी सांगते, की तिथल्या सरकारने आम्हा हिंदी लोकांना देश सोडायला लावला तेव्हा नाकातो रडत स्टेशनपर्यंत आली. अगदी घरच्यासारखी होती हो! बायका डोळे पुसतात.

ती आली नव्हती. कुठून येणार? तोवर ती आमच्याकडे कामाला राहिलीच नव्हती.

तिचा मग वेगळा असायचा – पत्र्याचा, मागच्या दाराशी खिळ्याला अडकवलेला. देश स्वतंत्र झाला, तरी तिचा मग तिथेच राहिला. मी आठेक वर्षांची असेन. भातुकलीत ती पाहुणी, मी घरमालकीण. आणि पाहुणीला कुणी पत्र्याच्या मगात चहा देतं का? मी कपाटातून आईचा निळ्या काठाचा कप काढला, खरा चहा ओतला. ती नको नको म्हणत होती. मी हट्ट धरला – रडलेसुद्धा. तिने एक घोट घेतला आणि आई आत आली.

कप कुणी काढला, आईने विचारलं.

"तिनेच घेतला," मी म्हणाले.

नाकातोला मराठी कळायची, माझ्याशी बोलूनच शिकली होती. तिने कप खाली ठेवला. संध्याकाळी तिला कामावरून काढलं. आईने कप फेकून दिला. आणि मी? मी जेवले, झोपले.

परवा घोडबंदर रोडहून नात आली होती. तिला हीच गोष्ट सांगितली – स्टेशनवाली. तिने विचारलं, "आजी, घरच्यासारखी म्हणजे? आपल्या मावशींसारखी?"

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या. मी हो म्हणाले.

मावशी तेव्हा तिथेच चहा पीत होत्या. पिऊन झाल्यावर त्यांनी आपला कप विसळला आणि ओट्याखाली, वेगळा ठेवला. तिथे ठेवायला मीच सांगितलंय.