नरसय्याची रजा

हिवाळ्याच्या तोंडाला आमची फौजी बँड प्लाटून वर डोंगरात गेली. एकवीस माणसं, दोन गाड्या, वाद्यांच्या पेट्या. ठिकाणाचं नाव सांगत नाही. सांगून सोलापुरात कोणाला कळणार आहे?

लोक विचारतात, "बँडवाले म्हणजे साहेबांच्या पार्टीत वाजवायचं, न्हवं का?" व्हय, वाजवायचं. सकाळी पाचला पीटी, आठ ते एक प्रॅक्टिस. आणि फील्डमध्ये गेलं की स्ट्रेचरही आमच्याच खांद्यावर. जखमी उचलून आणायचं काम बँडचं असतं. हे सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून हल्ली सांगत नाही. आज सांगतोय ते एका रीडपायी.

मी ट्रम्पेटवाला. सांगोल्याकडचा, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. छाती मजबूत होती, म्हणून भरतीनंतर बँडमध्ये घेतलं. ट्रम्पेटला तीन बटणं असतात, बाकी सगळा ओठाचा खेळ. त्याची मला लई घमेंड होती. सॅक्सोफोनला मी पिपाणी म्हणायचो.

बँडमध्ये सॅक्स वाजवणारे दोघं होते. त्यातला एक छातीच्या दुखण्यानं खाली हॉस्पिटलात गेला. राहिला लान्स नायक नरसय्या. भवानी पेठेतला, बापाचे यंत्रमाग. फौजेत यायच्या आधी तो लग्नाच्या वरातीत वाजवायचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी, माझ्याशी भांडताना दोन्ही.

त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचं पत्र आलं. मुलगी झाली होती. तू आल्याशिवाय बारसं करत नाही, असं तिनं लिहिलं होतं. गडी पत्र घेऊन थेट बँडमास्टर सुभेदारसाबांपुढं उभा राहिला.

साब म्हणाले, "महिन्याभरात इन्स्पेक्शन आहे. सॅक्सचा बदली माणूस दे आणि जा."

नरसय्यानं माझ्याकडं बोट केलं. मला काही विचारलंच नाही.

"बिरू, सेकंड इन्स्ट्रुमेंट. पंधरा दिन. फिर टेस्ट," साब म्हणाले.

झालं. पंधरा दिवस दुपारी दोन ते पाच आम्ही स्टोअरच्या झोपडीत, बुखारीच्या म्हणजे पत्र्याच्या शेगडीच्या उबेला बसलो. ट्रम्पेटवाल्याला सॅक्स शिकवणं म्हणजे रेड्याला गाणं शिकवणं, असं तो म्हणायचा. ट्रम्पेटला ओठ फुरफुरवावे लागतात. सॅक्सला तसं केलं की आवाजच निघत नाही. मग मी चिडून रीड चावायचो आणि ती किंचाळायची.

"चावू नको रं! सुपारी तोंडात धरल्यागत धर. काय खायाची हाय का ती?"

रीड म्हणजे बोरूसारख्या काडीची तासलेली पातळ पट्टी. सॅक्सच्या तोंडाला बांधतात, तीच थरथरते आणि आवाज देते. वर नव्या रीडा मिळत नव्हत्या. नरसय्याजवळ दोनच धड होत्या. एक मला दिली, एक स्वतःच्या खिशातल्या डबीत ठेवली. रोज पाच वाजता तेच ऐकवायचा.

"काढायची, पुसायची, खिशात ठेवायची. ओली रीड बुखारीजवळ न्यायची न्हाय. काय सांगितलं?"

"बुखारीजवळ न्यायची न्हाय."

"हां. तुमी पितळवाले, तुमचा भरवसा न्हाय."

टेस्टचा दिवस. सकाळी दहाची वेळ. पुढच्या दिवशी सहाला गाड्यांचा कॉन्व्हॉय खाली जाणार होता. नरसय्यानं किट बांधून ठेवलेलं. पोरीसाठी त्यानं लोकरीची टोपी विकत घेतली होती, ती मला तीन वेळा दाखवली.

नऊला मी थोडी प्रॅक्टिस केली. धून नीट येत होती, खरंच येत होती. मग चहाला निघालो. ट्रम्पेटवाला थंडीत माउथपीस नेहमी गरम ठेवतो, नाहीतर गार धातू ओठाला चिकटतो. सात वर्षांची सवय. मी सॅक्सचा माउथपीस काढला आणि बुखारीच्या पत्र्याशेजारी ठेवला. ओली रीड त्यालाच बांधलेली होती. डोक्यात आलंच नाही.

वीस मिनिटांनी परत आलो तर रीडचं टोक लाटेसारखं वाकलेलं. बोटानं दाबलं, ओठात धरून भिजवलं. सरळ होईना. नरसय्या बाहेर उभा होता, दहा पावलांवर. त्याला सांगायला मला लाज वाटली. पंधरा दिवस रोज ऐकलेली एकच गोष्ट मी विसरलो होतो. म्हटलं, निभावून नेऊ.

दहा वाजता मी साबांपुढं वाजवायला लागलो. पहिल्या चार सुरांतच ती किंचाळली. मी जोर केला, आणखी किंचाळली. सावरायला गेलो आणि चावली.

साबांनी हात वर केला. "बस. आठ दिन और. तब तक ये भी नहीं जाएगा."

नरसय्या पुढं आला. माझ्या हातातून सॅक्स घेतला, रीड बघितली, उजेडाला धरली. त्याला सगळं कळलं.

"आरं, सांगायचं तर," तो म्हणाला. "दुसरी माझ्या खिशात होती की."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं बायकोला पत्र लिहिलं, बारसं आठ दिवस पुढं ढकला म्हणून. दोन वाजता स्वतःची रीड माझ्यापुढं ठेवली. "चल. परत पहिल्यापासून."

सहाव्या दिवशी सकाळी अकरा वीसला वायरलेस सेट बोलला. "बँड पार्टी, बँड पार्टी. चार नंबर मोड़ पर स्लाइड. गाडी दबी है. स्ट्रेचर भेजो. ओवर."

आठ जण निघालो, चार स्ट्रेचर. बारा पाचला पोचलो. गाडी अर्धी मातीत होती, आत सहा जवान. इंजिनिअरवाले खणत होते. पहिला जखमी मी आणि नरसय्यानं खाली आणला. तो पुढं, मी मागं. एक दहाला दुसरा घेतला. त्याचा पाय गेला होता, पण शुद्धीवर होता, पाणी मागत होता.

"खाली गेल्यावर चहाच पाजतो," नरसय्या पुढून म्हणाला. त्यानंतर वरून दगड आले.

मी पडलो. तोंडात रक्त होतं. स्ट्रेचर माझ्या अंगावर तिरकं, जखमी त्याच्यावर, जिवंत. पुढचे दांडे मोकळे होते. नरसय्या एक चाळीसला सापडला. डॉक्टरसाबांनी दोन वाजता मयत लिहून दिलं. त्याच्या खिशात डबी होती, चेपलेली. टोपी त्याच्या किटमध्ये होती, ती घरी गेली.

त्याच्यासाठी लास्ट पोस्ट, फौजेतली अखेरच्या निरोपाची धून, मी वाजवायचा. हक्क माझा होता. पण माझा वरचा ओठ फाटलेला, पाच टाके. दुसऱ्यानं वाजवलं. मी सॅल्यूट करून उभा होतो आणि लाज सोडून रडलो.

ओठ बरा झाला, पण ट्रम्पेटचा राहिला नाही. एरवी मला बँडमधून काढून स्टोअरला टाकलं असतं. सॅक्स येत होता म्हणून राहिलो. पुढची अकरा वर्षं त्याच्या जागी बसून, त्याच्याच वाद्यावर नोकरी केली, पेन्शन घेतली. आता सोलापुरातच राहतो. त्याच्या घरी दिवाळीला जायचो. तिथं जेवायचो, त्याच्या पोरीचा, अनुराधाचा, अभ्यास विचारायचो. रजा आठ दिवस का लांबली, हे कधी सांगितलं नाही. एवढी वर्षं ते ओझं वागवून मी थकून गेलो.

या वर्षी अनुराधाचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काका, मांडवात तुम्ही सॅक्स वाजवायचा. नाना असते तर त्यांनीच वाजवला असता." तेलुगूत बापाला नाना म्हणतात.

मग मात्र मला राहवलं नाही. बुखारी, रीड, आठ दिवस, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चहा तसाच ठेवून उठली आणि निघून गेली. बारा दिवस फोन नाही. माझी बायको म्हणाली, "कशाला सांगितलंत?" मी म्हटलं, "मग काय मेल्यावर सांगू?"

तेराव्या दिवशी फोन आला. "काका, मला लई राग आलाय. तो जाणार पण न्हाय. पण लग्नाला या. साडेदहाला या."

मी सव्वादहाला कार्यालयात पोचलो. ब्लेझर, मेडल, सॅक्सची पेटी. ती हळद लागलेल्या हातांनी स्टेजमागं उभी होती. माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं.

"काका," ती म्हणाली, "दुसरी रीड आणलीय न्हवं?"

मी पेटी खाली ठेवली. खिशातून डबी काढून दाखवली. चार होत्या.

"मग वाजवा."

मी टेस्टची धून वाजवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न चावता. कोणी हात वर केला नाही. संपल्यावर मी मांडवातच सावधान उभा राहिलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला सवय असेल. मी रिपोर्ट देत होतो. लान्स नायक नरसय्या, बँड प्लाटून. बदली माणूस हजर आहे, साब. नरसय्याला घरी जाऊ द्या.

मग रीड काढली, पुसली आणि खिशात ठेवली.