वकीलकाकूंचा स्वतःवरचा संशय

वकीलकाकू कोर्टाची पायरी कधी चढल्या नाहीत. त्या देवासला ब्लाउज शिवायच्या. पण भांडण कुणाशीही होवो, त्या समोरच्याचीच बाजू इतक्या जोरात मांडायच्या की तोच गोंधळून म्हणायचा, "काकीजी, रहने दो, गलती मेरी ही थी."

आठवीत शाळा सुटलेली मी, सगळ्यालाच घाबरायची. आज घरापासून इतक्या लांब, तिरुपूरला पोट भरतेय ते काकूंनी शिकवलेल्या शिवणावर. एकदा त्यांनी एक ब्लाउज पुढ्यात टाकला. "समोरच्या दुकानातल्या शिंपी भियाने शिवलाय. बघ गं, कसा वाटतो?"

मी तुटून पडले. बाही ओढलीय, गळा वाकडा, टीप नागमोडी!

"कालचा तुझाच आहे," काकू म्हणाल्या आणि माझं तोंड बघून हसत सुटल्या. "वाईट वाटून घेऊ नको. आपला हात लागला की आपलाच डोळा फितूर होतो. म्हणून तर माझे ब्लाउज मी भियाला दाखवते. मेला एक चूक सोडत नाही!"

पुढे तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. जावं की नाही, ते मला ठरवता येईना. भाद्रपदातल्या एकादशीला, डोल ग्यारसला, आम्ही जवळच्या हाटपिपल्याला गेलो. तिथे नरसिंहाची दगडी मूर्ती नदीत सोडतात. तरली की वर्ष चांगलं. मूर्ती तरली. मी काकूंचा हात घट्ट धरला, "देव म्हणतोय, जा!"

काकूंनी आधी मनोभावे नमस्कार केला. मग विचारलं, "आणि तरली नसती तर?"

"तर... इथे राहण्यात भलं नाही, असं समजले असते."

"म्हणजे तुझं ठरलेलंच आहे. देवाला कशाला साक्षीला ओढतेस?"

"मग तुम्हीच सांगा ना!"

"मी मुळीच नाही. तू गेलीस की दुकानात मी एकटी. त्यामुळे मला तिथलं पाणीसुद्धा खारट वाटायला लागलंय. अन् ते गाव मी नकाशातही पाहिलेलं नाही!"

आमच्याकडच्या धरमपुरीची एक मुलगी तिथे कामाला होती. काकूंनी तिचा नंबर मिळवला, फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ती म्हणाली, भात फार खावा लागतो, पण माणसं चांगली आहेत.

मी जायचं ठरवलं. काकू गाडीवर सोडायला येणार नव्हत्या. "आले तर रडेन. आणि माझं रडणं तू पुरावा धरशील."

खरंच आल्या नाहीत. खिडकीशी बसून मीच रडले, पण गाडीतून उतरले नाही.